घरचें आइस्क्रीम आणि सोडा



उन्हाळ्याच्या सुटींत ज्या घरीं आइस्क्रीमचा पॉट फिरूं लागतो, त्या घरीं शेजारपाजारचीं मुलें न बोलावतां गोळा होतात. बर्फ फोडण्याचा आवाज, खड्यामिठाची रास, दांडा फिरविण्याच्या पाळीवरून होणारीं भांडणें, आणि झांकण उघडतांना एकदम पुढें होणाऱ्या सर्वांच्या माना, हा सोहळा तुमच्यापैकीं पुष्कळांच्या ओळखीचा आहे. परंतु त्या लहानशा बादलींत पदार्थविज्ञानाचे चार-पांच मोठे नियम आपल्या डोळ्यांदेखत काम करीत असतात, याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. नुसती कृति पाठ करून आइस्क्रीम करणाऱ्याचें आइस्क्रीम एखादे दिवशीं बिघडलें, तर तें कां बिघडलें हें त्यास सांगतां येत नाहीं. त्यांतून सोड्यासारखा पदार्थ घालावयाचा असेल, तर कारण न जाणतां केलेली कृति अंगावरहि येते. म्हणून या पाठांत आपण कृति पाहूं, पण तिच्या आधीं कारण पाहूं.

सोडा कोणता ?

आपल्या भाषेंत ‘सोडा’ हा शब्द तीन निरनिराळ्या वस्तूंस लावितात. तेव्हां प्रथम हा घोटाळा दूर केला पाहिजे. धुण्याचा सोडा कपड्यांसाठीं; तो पोटांत जातां कामा नये. खाण्याचा सोडा भज्यांत व ढोकळ्यांत घालतात. आंबटपणा मारणें हा त्याचा धर्म आहे. नासूं लागलेल्या दुधाचा आंबटपणा झांकण्यासाठीं कोणी त्यांत हा सोडा टाकतात. पण त्यानें दूध ताजें होत नाहीं, केवळ त्याचें वय लपतें. अशा दुधाचें आइस्क्रीम कधींहि करूं नये. आपला आजचा सोडा तिसरा, म्हणजे बाटलींतील सोडावॉटर, किंवा त्यांतच साखर, फळाचा स्वाद व थोडें आम्ल घालून केलेलें संत्र्याचें वा लिंबाचें गोड पेय.

या पेयांतील बुडबुडे कर्बद्विप्राणिद वायूचे, म्हणजे आज आपण ज्यास कार्बन डायऑक्साइड म्हणतों त्याचे असतात. इंग्लंडांतील लीड्स शहरीं जोसेफ प्रीस्टली नांवाचे धर्मोपदेशक राहत असत. ते शिक्षक होते आणि शास्त्रज्ञहि होते. त्यांच्या शेजारीं बिअर तयार करण्याचा एक कारखाना होता. तेथील पिंपांवर सांचून राहणारा वायु पाण्यांत मिसळला असतां पाण्यास एक प्रकारची रुचकर, जिभेस टोंचणारी चव येते, असें त्यांस १७६७ सालच्या सुमारास आढळून आलें. तें पाणी करण्याची रीत त्यांनीं १७७२ सालीं एका छोट्या पुस्तकांत छापून प्रसिद्ध केली. आजच्या सर्व सोडावॉटरचें मूळ तेथें आहे.

थंडी घालतां येत नाहीं

आतां पॉटाकडे वळूं. ‘बर्फ थंडी देतो’ असें आपण नेहमीं बोलतों. पण शास्त्राच्या दृष्टीनें हें उलट आहे. थंडी ही पदार्थांत घालावयाची कोणतीहि वस्तु नव्हे. पदार्थांतील उष्णता बाहेर गेली कीं जें उरतें, त्यास आपण थंडी म्हणतों. तेव्हां बर्फ देत कांहींच नाहीं. तो घेतो, आणि पुष्कळ घेतो. १ ग्रॅम बर्फ वितळून त्याचें तितक्याच थंड पाणी होण्यास ८० कॅलरी उष्णता लागते. एवढ्या उष्णतेंत १ ग्रॅम पाणी शून्यापासून ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापलें असतें! ही सर्व उष्णता बर्फ आपल्या शेजारच्या वस्तूपासून ओढून घेतो. या वाक्यावर सबंध आइस्क्रीम उभें आहे.

मग नुसता बर्फ कां पुरत नाहीं? वितळणारा बर्फ बरोबर शून्य अंशावर असतो. साधें पाणीहि शून्यावर गोठतें. परंतु ज्यांत साखर विरघळली आहे असें दूध शून्यावर गोठत नाहीं. आइस्क्रीमचें मिश्रण गोठावयास लागण्यासाठीं शून्याखालीं दोन-तीन अंशांपर्यंत उतरावें लागतें. उष्णता नेहमीं अधिक उष्ण वस्तूकडून कमी उष्ण वस्तूकडे जाते. दूध शून्यावर आलें आणि बर्फहि शून्यावर आहे, म्हणजे दोघांचें उष्णतामान सारखें झालें, आणि देवघेव थांबली. अशा पॉटाचा दांडा दिवसभर फिरवीत बसलें तरी थंडगार दूध मिळेल. आइस्क्रीम मिळणार नाहीं.

ही अडचण मीठ दूर करतें. बर्फाच्या तुकड्यावर पाण्याचा पातळ थर असतो. शून्य अंशावर जेवढा बर्फ वितळून या थरांत उतरतो, तेवढेंच पाणी पुन्हां गोठून बर्फास जाऊन मिळतें. दोन्ही क्रिया समतोल असतात. त्या थरांत मीठ विरघळलें कीं पाण्याचे कण पूर्वीइतक्या वेगानें बर्फाकडे परत जात नाहींत. वितळणें मात्र चालूच राहतें. वितळण्यास उष्णता हवी. ती बर्फ स्वतःपासून व भोंवतालच्या खाऱ्या पाण्यापासून घेतो, आणि सर्वांचेंच उष्णतामान शून्याच्या खालीं घसरतें. सव्वातीन भाग बर्फास एक भाग मीठ हें प्रमाण असलें, तर हें मिश्रण शून्याखालीं २१ अंशांपर्यंत उतरूं शकतें. याहून खालीं मात्र साध्या मिठाचें बळ चालत नाहीं.

ही विद्या फार जुनी आहे. अबुल फजलच्या ‘आईन-ई-अकबरी’ ग्रंथांत अकबराच्या दरबारीं सोऱ्यानें पाणी गार करीत असत असें वर्णन आहे. सोरा पाण्यांत विरघळतांना उष्णता शोषून घेतो, त्यास बर्फहि लागत नाहीं. फॅरनहाइटनें १७२४ सालीं आपल्या मापनपद्धतीची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हां शून्याची खूण ठरविण्यासाठीं बर्फ, पाणी व नवसागर यांचेंच मिश्रण घेतलें होतें. आणि १८४३ सालीं अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथील नॅन्सी जॉन्सन या बाईंनीं दांडा फिरवून आइस्क्रीम करण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें. आपल्या घरचा पॉट त्याच वंशांतला.

दांडा कां फिरवावयाचा ?

मिश्रण स्थिर ठेवून गोठविलें, तर पाण्याचे थोडेच पण मोठे स्फटिक तयार होतात, आणि तें खातांना दांतांखालीं खडे करकरतात. पॉट फिरत असला म्हणजे भिंतीवर गोठलेला पातळ थर आंतलीं पातीं खरवडून काढतात. स्फटिकांस वाढण्यास सवड मिळत नाहीं, ते बारीकच राहतात. शिवाय पात्यांच्या हालचालीनें मिश्रणांत हवा शिरते, आणि आइस्क्रीम हलकें व मऊ होतें. म्हणून दांडा फिरवितांना मध्येंच खेळावयास पळून जाणारा मुलगा स्वतःचेच नव्हे, सर्वांच्या वाटीचें नुकसान करतो!

बादली लाकडाची कां, हेंहि ध्यानांत घ्या. लाकूड उष्णतेस सहजासहजीं वाट देत नाहीं. १८३३ सालीं फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्यानें अमेरिकेंतील बोस्टनहून नैसर्गिक बर्फ गलबतानें थेट कलकत्त्यास पाठविला. तो प्रवास सुमारें चार महिन्यांचा आणि तोहि उष्ण कटिबंधांतून होता! बर्फाभोंवतीं उष्णतेस अडविणारें वेष्टण होतें, म्हणून त्यांतला बराच बर्फ शाबूत पोहोंचला. लांकडाचा भुसा हेंच या व्यापाराचें मोठें साधन. आपण पॉटावर गोणपाट टाकतों तें याच कारणासाठीं. गोणपाट गारवा आणीत नाहीं. तें बाहेरची उष्णता आंत येऊं देत नाहीं.

सोडा पॉटांत जातो तेव्हां

बाटलींतील गोड पेयांत त्याच्या स्वतःच्या आकारमानाच्या तिप्पट ते चौपट वायु दाबाखालीं कोंडलेला असतो. झांकण उघडलें कीं दाब जातो आणि वायु बाहेर पडूं लागतो. पाणी जितकें थंड, तितका वायु त्यांत अधिक राहतो. साध्या दाबाखालीं शून्य अंशावर १ लिटर पाण्यांत सुमारें १.७ लिटर वायु मावतो. ३० अंशांवर पाऊण लिटरहि मावत नाहीं. म्हणून सोडा आधीं चांगला गार करावा आणि मगच उघडावा. गरम बाटली उघडली तर अर्धा सोडा फेसाबरोबर जमिनीवर जातो.

पाणी गोठूं लागलें म्हणजे दुसरी गोष्ट घडते. बर्फाच्या स्फटिकांत या वायूस जागा नसते. स्फटिक वाढतो तसा वायु बाहेर ढकलला जातो. मोकळ्या पॉटांत तो बुडबुड्यांच्या रूपानें निघून जातो. थोडा मिश्रणांत अडकून राहतो व जिभेस किंचित् टोंचणी देतो. पण बंद बाटलींत त्यास जाण्यास वाट नाहीं. आणि त्याच वेळीं पाणी गोठतांना आकारानें सुमारें शेंकडा ९ नें वाढतें. एकीकडून वायूचा दाब व दुसरीकडून फुगणारा बर्फ, यांपुढें कांच टिकत नाहीं. सोड्याची बंद बाटली फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यांत किंवा मीठ-बर्फांत ठेवून विसरणें म्हणजे घरांत फुटणारा गोळा ठेवण्यासारखें आहे; त्याच्या कांचेनें डोळा जाऊं शकतो. गोटी-सोड्याची बाटली तर मुद्दाम वायूच्या दाबावरच बंद राहते. हायरम कॉड या इंग्रज गृहस्थानें १८७२ सालीं पेटंट घेतलेल्या या बाटलींत आंतला वायूच गोटीस वर रेटून रबरी कड्यावर घट्ट बसवितो. जो वायु गोटी धरून ठेवतो, तो किती जोराचा असेल याचा विचार करा.

तिसरी गोष्ट दुधाविषयीं. संत्र्याच्या वा लिंबाच्या पेयांत आम्ल असतें. गरम दुधांत लिंबू पिळलें कीं तें फाटतें, हें तुम्हीं स्वयंपाकघरांत पाहिलें आहे. म्हणून सोड्याच्या आइस्क्रीमसाठीं डब्यांत मिळणारें गोड आटीव दूध घेतात. तें दाट व थंड असून त्यांत सोडा बारीक धारेनें मिसळला, तर दूध फाटून चोथा-पाणी न होतां मिश्रण सुरेख मिळून येतें. त्यास घट्टपणा येण्यासहि थोडें आम्ल मदतच करतें.

कृति

संत्र्याचा सोडा व आटीव दूध यांचें आइस्क्रीम अमेरिकेंतील घराघरांत चांगलें परिचित आहे. आपल्याकडील पॉटासाठीं तिचें प्रमाण असें घ्यावें.

साहित्य : गोड आटीव दुधाचा सुमारें ४०० ग्रॅमचा एक डबा, संत्र्याचा गोड सोडा १ लिटर, आवडत असल्यास शिजवून गार केलेल्या अननसाचे बारीक तुकडे १ वाटी, बर्फ ६ किलो, खडेमीठ १ किलो. अननस शिजविण्याचें कारण असें कीं, कच्च्या अननसांत दुधांतील प्रथिनांचे तुकडे करणारा एक पाचक पदार्थ असतो, व त्यामुळें दुधाच्या पदार्थास कडवट चव येते. शिजविल्यानें त्याचें बळ नष्ट होतें.

(१) आटीव दुधाचा डबा व सोड्याची बाटली आदल्या रात्रीं फ्रिजच्या साध्या कप्प्यांत, बर्फाच्या कप्प्यांत नव्हे, गार करून ठेवावी.

(२) पॉटाचा आंतला डबा व पातीं उकळत्या पाण्यानें धुवून कोरडीं करावींत.

(३) मोठ्या पातेल्यांत दूध ओतून त्यांत सोडा बारीक धारेनें घालावा व लाकडी डावानें हलकेच ढवळावें. फेस पुष्कळ येईल. तो बसेपर्यंत थांबावें. मग अननस घालावें. घाई करूं नये.

(४) मिश्रण डब्यांत ओतावें; डबा दोनतृतीयांशाहून अधिक भरूं नये. गोठतांना मिश्रण फुगतें आणि वायूसहि जागा लागते. हें सुमारें दीड लिटर मिश्रण असल्यानें पॉट सव्वादोन लिटरांहून लहान नसावा.

(५) बादलींत ४ किलो बर्फ व अर्धा किलो मीठ यांचे थरावर थर द्यावेत. बादलीच्या बाजूस भोंक असतें, तें बुजूं देऊं नये. खारें पाणी डब्याच्या झांकणापर्यंत चढलें तर आंत शिरून सर्व फुकट जाईल.

(६) प्रथम सावकाश, मग जरा जोरानें दांडा फिरवावा. सुमारें अर्ध्या तासानें दांडा जड लागूं लागला म्हणजे आइस्क्रीम जमत आलें असें समजावें.

(७) झांकण पुसून उघडावें, पातीं काढावींत, झांकण पुन्हां नीट लावावें. उरलेला २ किलो बर्फ व अर्धा किलो मीठ भोंवतीं घालून, गोणपाट पांघरून तासभर स्वस्थ ठेवावें.

फिरवितांना आठ भाग बर्फास एक भाग मीठ, आणि शेवटीं चार भागांस एक भाग, असा फरक कां? आरंभींच मीठ फार घातलें, तर डब्याच्या भिंतीवरील थर एकाएकीं दगडासारखा होतो, मधला भाग पातळच राहतो आणि पातीं अडकतात. मुरवितांना खरवडण्याचा प्रश्न नसतो, तेव्हां अधिक गारवा चालतो.

थोडें गणितहि पाहूं. आपल्या मिश्रणांत साधारण १ किलो पाणी आहे. त्यांतील निम्में गोठलें, तर अर्धा किलो पाण्यांतून ४० किलोकॅलरी उष्णता काढावी लागेल. आणि तेवढी उष्णता घेण्यास अर्धा किलो बर्फ वितळला तरी पुरे. मग सहा किलो बर्फ कशाला? कारण बादलीस, डब्यास व मिश्रणास आधीं गार करावें लागतें. खोलींतील हवा सारखी उष्णता आंत ढकलीत असते. आणि डब्यास चोहोंकडून बर्फाचा स्पर्शहि हवा असतो. ज्यानें बादली सावलींत ठेवली व गोणपाट नीट पांघरलें, त्याचा बर्फ वांचतो.

ज्यांच्या घरीं पॉट नाहीं, त्यांनीं झांकणाचा स्टीलचा डबा मोठ्या पातेल्यांतील मीठ-बर्फांत ठेवून हातानें अर्धा-अर्धा फिरवावा, व दर पांच मिनिटांनीं उघडून कडेचा थर खरवडून मध्यें आणावा. प्लास्टिकच्या बंद पिशवींत आइस्क्रीम करण्याची जी रीत आहे, ती साध्या दुधास ठीक. सोडा घातलेलें मिश्रण मात्र तशा पिशवींत बंद करूं नये. ती फुगून उसवते.

पालकांस दोन शब्द

थंडीनें रोगजंतु मरतात असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नाहीं. गोठल्यानें बहुतेक जंतु केवळ निजून राहतात, आणि पोटाची ऊब मिळतांच जागे होतात. त्यामुळें आइस्क्रीमची स्वच्छता बर्फावर सोंपवितां येत नाहीं. ती उकळलेल्या पाण्यानें, धुतलेल्या हातांनीं व चांगल्या दुधानेंच राखावी लागते. साधें दूध वापरावयाचें असल्यास तें उकळून गार केलेलें असावें. बाजारांतील लादीचा बर्फ बहुधा खाण्याचा नसतो. न खाण्याच्या बर्फास निळसर रंग घालावा, असा दंडक महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानें २०१८ सालीं घातला, तो याच कारणासाठीं. असा बर्फ डब्याच्या बाहेर चालेल. पेल्यांत किंवा वाटींत तो कधींहि टाकूं नये.

मीठ-बर्फांत लहान मुलांस हात घालूं देऊं नये. साध्या बर्फाहून तें मिश्रण पुष्कळ थंड असतें, आणि थोड्याच वेळांत कातडी भाजल्यासारखी होते. खारें पाणी झाडांच्या मुळांशीं ओतूं नये. तें उन्हांत पसरट भांड्यांत ठेवलें तर पुढच्या वेळेस मीठ परत मिळतें. आणि विनंति अशी कीं, हें काम मुलांकडूनच करवावें. विकतच्या वाटीनें जीभ गार होते. घरच्या पॉटानें ‘कां?’ असें विचारण्याची संवय लागते. ज्यास कारण कळलें, तो मीठ कमी पडलें, दांडा अडकला, किंवा फेस उसळला तरी गोंधळत नाहीं. आणि सोड्याची बाटली बर्फांत पुरणाऱ्या धाकट्या भावाचा हात तोच वेळेवर धरतो.

स्वाध्याय

(१) आइस्क्रीमच्या गोळ्यावर सोडा ओतला कीं फेस उसळतो. बर्फाच्या खरबरीत कणांशीं व हवेच्या बुडबुड्यांशीं वायूचा काय संबंध असावा? नुसत्या गार दुधांत सोडा ओतून दोहोंची तुलना करा.

(२) नुसत्या पाण्यांत मूठभर मीठ टाकलें, तर पाणी मीठ-बर्फाइतकें थंड कां होत नाहीं?

(३) थंड देशांत हिंवाळ्यांत रस्त्यांवरील बर्फ वितळविण्यासाठीं मीठ टाकतात. उष्णतामान शून्याखालीं २५ अंश असेल, तर तेथें साधें मीठ कां निरुपयोगी ठरतें?

(४) लाकडी बादलीऐवजीं पत्र्याची बादली घेतली, तर बर्फ अधिक लागेल कीं कमी? एकच मापाचा बर्फ दोहोंत ठेवून, घड्याळ लावून पाहा, आणि उत्तर वहींत लिहून आणा.